एक आलेख, अनेक रेषा : व्यापारातील आकड्यांची तुलना कशी करावी

व्यापाऱ्याचे निम्मे शहाणपण तुलनेत असते. आजचा भाव किती, या प्रश्नास एकट्याने फारसा अर्थ नाही. काल किती होता, गतवर्षी याच दिवसांत किती होता, शेजारच्या मंडीत किती आहे, असे आणखी दोन-तीन प्रश्न त्यास जोडले म्हणजे तो व्यापाऱ्याच्या उपयोगाचा होतो. आपल्या पूर्वजांनी ही तुलना वहीच्या पानांवर केली. गतसालची खतावणी डाव्या हाताला आणि चालू सालची उजव्या हाताला उघडून बसलेला मुनीम मनाशी जे आडाखे बांधी, तेच काम आज पेढीवरील संगणक करतो. आकडे लिहिले की तो क्षणार्धात त्यांची रेषा काढतो, आणि एका रेषेशेजारी दुसरी, तिसरी, चौथी रेषा काढावयासही त्यास वेळ लागत नाही.

तथापि, काम सोपे झाले म्हणजे ते बिनचूक झाले असे नव्हे. अनेक आकडेमाला एकाच आलेखावर मांडताना थोडी सावधगिरी बाळगली नाही, तर खऱ्या आकड्यांवरूनही खोटे चित्र उभे राहते. आज पुष्कळ घरांत मुले-मुली किंवा सुना संगणकावर आलेख काढतात आणि वडीलधारी मंडळी ते पाहून निर्णय घेतात. माल भरावा की विकावा, उधारी द्यावी की आखडती घ्यावी, हे निर्णय अशा चित्रांवर होऊ लागले असल्यामुळे आलेख काढणाऱ्याने आणि पाहणाऱ्याने, दोघांनीही ही विद्या नीट समजून घेणे अगत्याचे आहे. त्या दृष्टीने पांढुर्णा व सौंसर भागातील व्यापाराला लागू पडतील अशी उदाहरणे घेऊन या विषयाचा विचार येथे केला आहे.

तुलनात्मक आलेखाची परंपरा

आकड्यांच्या रेषा काढून त्यांची तुलना करण्याची कल्पना व्यापारातूनच जन्मली. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली लंडन येथे इंग्लंडच्या व्यापाराचे एक आलेखपुस्तक प्रसिद्ध केले. त्यात एकेका देशाशी होणारी आयात एका रेषेने व निर्यात दुसऱ्या रेषेने दाखविली होती. ईस्ट इंडीजशी, म्हणजे आपल्या बाजूच्या मुलुखाशी, चालणाऱ्या व्यापाराचाही आलेख त्यात होता. पुढे १८२१ साली त्याने गव्हाचा भाव आणि कुशल कारागिराची साप्ताहिक मजुरी एकाच चित्रात मांडून १५६५ पासूनच्या अडीचशेहून अधिक वर्षांचा इतिहास एका दृष्टिक्षेपात आणला. भाव स्तंभांनी व मजुरी रेषेने दाखविण्याची त्याची युक्ती आजही संगणकावर जशीच्या तशी वापरली जाते.

हाताने आलेख काढण्याचे कष्ट मात्र पावणेदोनशे वर्षे टळले नाहीत. १९७९ साली डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन या दोघा अमेरिकनांनी तयार केलेली ‘व्हिसिकॅल्क’ ही स्प्रेडशीट बाजारात आली. १९८३ साली आलेल्या ‘लोटस १-२-३’ने हिशेब व आलेख यांची सांगड घातली. १९८५ साली मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सेल’ निघाले व तेच आज बहुतेक पेढ्यांवर दिसते. ज्यांस खर्च करावयाचा नाही त्यांच्याकरिता ‘लिबरऑफिस कॅल्क’ हा विनामूल्य पर्यायही आहे. नावे निराळी असली तरी पुढे सांगितलेली तत्त्वे सर्वांना सारखीच लागू आहेत.

प्रथम कोष्टक नीट मांडावे

आलेख बिघडतो तो बहुधा कोष्टकातच बिघडलेला असतो. म्हणून आरंभी कोष्टकाकडे लक्ष द्यावे. पहिल्या स्तंभात वर्ष, महिना किंवा तारीख असावी. त्यापुढील प्रत्येक स्तंभात एकेक आकडेमाला असावी, आणि सर्वांत वरच्या ओळीत त्या मालेचे नाव असावे. मध्ये रिकामी ओळ सोडू नये व बेरीज त्याच पट्ट्यात घेऊ नये. नाहीतर बेरजेचा मोठा आकडा रेषेच्या शेवटी शिखरासारखा उभा राहतो.

आकड्यांच्या खणात केवळ आकडाच लिहावा. ‘७,७१० रु.’ असे अक्षरांसह लिहिले तर यंत्र त्यास मजकूर समजते आणि रेषा शून्यावर आणून ठेवते. वर्षांच्या बाबतीत एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. एक्सेलमध्ये ‘२०२०-२१’ असे इंग्रजी अंकांत लिहिले तर ते जसेच्या तसे राहते; पण ‘२०१०-११’ लिहिले तर यंत्र त्याचा अर्थ नोव्हेंबर २०१० असा घेऊन तारीख करून टाकते. एकविसावा महिना नसतो, अकरावा असतो, एवढेच त्याचे कारण. असे वर्ष लिहिण्यापूर्वी आरंभी एकेरी अवतरणचिन्ह द्यावे, म्हणजे ते मजकूर म्हणून राहते. उलटपक्षी, वर्षाच्या स्तंभात नुसते ‘२०२०’, ‘२०२१’ असे अंक असले व त्या स्तंभास शीर्षकही असले, तर यंत्र वर्षालाही एक आकडेमाला समजून त्याची रेषा काढते. आलेखात दोन हजारांच्या सुमारास एक सपाट, अनोळखी रेषा दिसली की ही चूक झाली असे ओळखावे.

मंडी बंद असलेल्या दिवसाचा खण रिकामा ठेवावा, त्यात शून्य लिहू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. त्या दिवशी सौदे झाले नाहीत म्हणजे भाव शून्य झाला असे नव्हे. शून्य लिहिल्यास रेषा खड्ड्यात पडून पुन्हा वर येते आणि पाहणाऱ्याचा विनाकारण गोंधळ होतो. ‘सिलेक्ट डेटा’ या आज्ञेत रिकाम्या खणांचे काय करावयाचे ते ठरविण्याची सोय आहे. तेथे रेषा तुटती ठेवावी किंवा सांधून घ्यावी, असा पर्याय निवडता येतो.

तिसरी गोष्ट कालखंडाची. कापसाचा हंगाम ऑक्टोबरपासून मोजतात, सरकारी हिशेबाचे वर्ष एप्रिलपासून चालते, आणि पुष्कळ पेढ्यांवर वहीचे वर्ष दिवाळीपासून धरण्याची रूढी आहे. एका मालेचे वर्ष ऑक्टोबरचे व दुसरीचे एप्रिलचे असेल, तर त्या शेजारी-शेजारी काढलेल्या रेषांची तुलना सहा महिन्यांनी चुकते. संत्र्याच्या बाबतीत तर वर्षाची एकच बेरीज घेणेही धोक्याचे आहे. अंबिया बहाराचे पीक व मृग बहाराचे पीक निरनिराळ्या महिन्यांत बाजारात येत असल्याने त्यांच्या दोन स्वतंत्र माला ठेवणेच इष्ट.

याच संदर्भात आपल्या भागातील एक ताजे उदाहरण देण्यासारखे आहे. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर या तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. यापुढे कोणी छिंदवाडा जिल्ह्याच्या कापसाची किंवा संत्र्याची दहा वर्षांची रेषा काढील, तर ती २०२३ नंतर एकाएकी खाली आलेली दिसेल. शेतात काही घटलेले नसून जिल्ह्याची सीमा बदललेली आहे, हे आलेखाच्या खाली लिहून ठेवले नाही तर पुढील पिढी त्यावरून भलतेच अनुमान काढील. मोजण्याची व्याख्या बदलली की रेषा तेथे तोडावी, किंवा जुने आकडेही तहसीलवार घेऊन नव्या सीमेप्रमाणे पुन्हा मांडावे.

आलेख काढण्याची रीत

कोष्टक सिद्ध झाले की शीर्षकासह संपूर्ण पट्टा निवडावा, वरील ‘इन्सर्ट’ या विभागात जावे आणि ‘चार्ट्स’मधून रेषेचा प्रकार निवडावा. काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांना रेषा शोभते. एकाच वर्षातील निरनिराळ्या मालांची तुलना करावयाची असेल तर स्तंभ बरे. वर्षांऐवजी मालांची नावे आडव्या अक्षावर गेली, तर ‘स्विच रो कॉलम’ ही आज्ञा द्यावी म्हणजे उभ्याचे आडवे होते. पुढे एखादी नवी माला घालावयाची झाल्यास आलेखावर माउसचे उजवे बटण दाबून ‘सिलेक्ट डेटा’ व नंतर ‘ॲड’ निवडावे, किंवा याहून सोपे म्हणजे नवा स्तंभ कॉपी करून थेट आलेखावर पेस्ट करावा.

एक्सेल एका आलेखावर २५५ आकडेमाला घेऊ शकते. म्हणून तेवढ्या घालाव्यात असे मात्र नाही. चार-पाच रेषांपलीकडे डोळा गोंधळतो. रंगांवर सर्वस्वी विसंबू नये. छापताना रंग काळे होतात आणि काहींच्या दृष्टीस तांबडा-हिरवा भेद कळत नाही. एक रेषा सलग, दुसरी तुटक, तिसरी ठिपक्यांची अशी योजना करावी, आणि शक्य तर मालेचे नाव रेषेच्या उजव्या टोकाशीच लिहावे.

रुपयांचा आलेख काय दाखवितो, काय लपवितो

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. केंद्र शासन दरवर्षी खरीप पिकांचे हमीभाव, म्हणजे मंडीतील भाषेत समर्थन मूल्य, जाहीर करते. आपल्या भागात घेतल्या जाणाऱ्या चार पिकांचे सहा हंगामांचे हमीभाव क्विंटलमागे रुपयांत असे आहेत. कापूस मध्यम धाग्याचा धरला आहे.

२०२०-२१ : कापूस ५,५१५; तूर ६,०००; सोयाबीन ३,८८०; मका १,८५०.
२०२१-२२ : कापूस ५,७२६, तूर ६,३००, सोयाबीन ३,९५०, मका १,८७०.
२०२२-२३ : कापूस ६,०८०, तूर ६,६००, सोयाबीन ४,३००, मका १,९६२.
२०२३-२४ : कापूस ६,६२०, तूर ७,०००, सोयाबीन ४,६००, मका २,०९०.
२०२४-२५ : कापूस ७,१२१, तूर ७,५५०, सोयाबीन ४,८९२, मका २,२२५.
२०२५-२६ : कापूस ७,७१०, तूर ८,०००, सोयाबीन ५,३२८, मका २,४००.

हे आकडे जसेच्या तसे आलेखावर घातले तर तूर व कापूस यांच्या रेषा वर चढत जाताना दिसतात, सोयाबीनची रेषा मध्यभागी मंदपणे चढते, आणि मक्याची रेषा तळाशी जवळजवळ आडवी पडलेली दिसते. पाहणारा सहज म्हणेल की मक्याचा भाव काही वाढला नाही. वस्तुतः मक्याचा हमीभाव या काळात १,८५० वरून २,४०० झाला, म्हणजे सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. त्याच काळात तुरीची वाढ ३३ टक्के आहे. एवढासा फरक आलेखात डोंगर आणि मैदान यांच्याएवढा दिसतो, याचे कारण उंची रुपयांची आहे, वाढीची नाही.

दुसरे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. २०२१-२२ ते २०२२-२३ या एका वर्षात कापसाचा हमीभाव ३५४ रुपयांनी व सोयाबीनचा ३५० रुपयांनी वाढला. आलेखात दोन्ही रेषांचा चढ सारखाच दिसतो. पण कापसाचे ३५४ रुपये ५,७२६ वर चढले आहेत, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. सोयाबीनचे ३५० रुपये ३,९५० वर चढले आहेत, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के. ज्याचे भांडवल सोयाबीनमध्ये गुंतले आहे त्याच्या दृष्टीने ही वाढ दीडपट आहे, आणि आलेख ती दाखवीत नाही.

निर्देशांक : सर्वांना एकच माप

यावर उपाय सोपा आहे. पहिल्या वर्षाचा आकडा १०० मानावा आणि पुढील प्रत्येक वर्षाचा आकडा त्या प्रमाणात मांडावा. यास निर्देशांक म्हणतात. कोष्टकात वर्ष ‘ए’ स्तंभात, चार पिके ‘बी’पासून ‘ई’पर्यंत आणि पहिला आकडा दुसऱ्या ओळीत असेल, तर ‘एफ’ स्तंभाच्या दुसऱ्या ओळीत हे सूत्र लिहावे : =बी२/बी$२*१००. यंत्रावर अर्थातच इंग्रजी अक्षरे व अंक वापरावे लागतील. डॉलरचे चिन्ह दुसऱ्या ओळीस घट्ट धरून ठेवते, म्हणून हेच सूत्र खाली व उजवीकडे ओढत नेले तरी भागाकार नेहमी आपापल्या पिकाच्या पहिल्या वर्षानेच होतो.

असे केल्यावर २०२५-२६ मध्ये कापूस १३९.८, सोयाबीन १३७.३, तूर १३३.३ आणि मका १२९.७ येतो. आता चारही रेषा एकाच बिंदूपासून निघतात व पंख्याच्या काड्यांप्रमाणे हळूहळू फाकतात. रुपयांच्या हिशेबात तूर २,००० रुपयांनी व सोयाबीन १,४४८ रुपयांनी वाढले, म्हणून तूर पुढे दिसत होती. प्रमाणाच्या हिशेबात सोयाबीन तुरीच्या पुढे आहे. दोन्ही विधाने खरी आहेत. क्विंटलमागे हाती किती रुपये अधिक येतील, असा प्रश्न असेल तर पहिला आलेख पाहावा. गुंतविलेल्या शंभर रुपयांमागे किती वाढ झाली, असा प्रश्न असेल तर दुसरा. प्रश्न कोणता आहे हे ठरविल्यावाचून आलेख काढावयास बसू नये.

येथे एक तांत्रिक सूचना. असा निर्देशांकाचा आलेख एक्सेल आपण होऊन शून्यापासून काढते व सर्व रेषा वरच्या अंगास दाटीवाटीने बसतात. उभ्या अक्षावर उजवे बटण दाबून ‘फॉर्मॅट अॅक्सिस’मध्ये किमान आकडा ९० द्यावा. रेषेच्या आलेखात हे चालते. स्तंभांच्या आलेखात मात्र अक्ष शून्यापासूनच असावा, कारण तेथे डोळा स्तंभाची संपूर्ण लांबी मोजतो.

आधारवर्षाची निवड

निर्देशांकातही एक खोच आहे. कोणते वर्ष १०० मानावे यावर निकाल फिरू शकतो. वरील चार पिकांत २०२०-२१ आधार धरला तर मका सर्वांच्या मागे व तूर त्याच्या पुढे आहे. तेच आकडे घेऊन २०२३-२४ आधार धरला तर २०२५-२६ मध्ये मका ११४.८ आणि तूर ११४.३ येते, मका पुढे जातो. आकडा एकही बदललेला नाही, केवळ आरंभरेषा सरकली आहे.

यावरून दोन नियम निघतात. आधारवर्ष असाधारण तेजीचे किंवा मंदीचे घेऊ नये. २०२२ च्या पूर्वार्धात विदर्भातील अनेक बाजारांत कापसाने क्विंटलमागे १०,००० रुपयांचा टप्पा ओलांडला होता. तो हंगाम आधार धरणाऱ्यास त्यानंतरचे प्रत्येक वर्ष दैन्याचे दिसेल. दुसरा नियम असा की आलेखाखाली आधारवर्ष स्पष्ट लिहावे. कोणी आपणांस निर्देशांकाचा आलेख दाखवून माल घेण्याचा किंवा पैसे गुंतविण्याचा आग्रह करीत असेल, तर पहिला प्रश्न आधारवर्षाचा विचारावा, आणि आधार दोन वर्षे मागे-पुढे सरकवून चित्र तेच राहते काय, ते पाहावे.

आधारवर्षाचा प्रश्नच टाळावयाचा असेल तर ‘फॉर्मॅट अॅक्सिस’मध्ये ‘लॉगॅरिथमिक स्केल’ निवडता येते. त्यात अक्षावरील समान अंतर समान पट दाखविते. १,००० ते २,००० हे अंतर आणि २,००० ते ४,००० हे अंतर एकसारखे असते. त्यामुळे रुपयांचे आकडे तसेच ठेवूनही वाढीचे प्रमाण चढावरून कळते. शून्य व ऋण आकडे मात्र त्यावर मांडता येत नाहीत, आणि सवय नसलेल्या वाचकास तो अक्ष समजावून सांगावा लागतो.

दुसऱ्या अक्षाचा मोह

काही वेळा दोन मालांची एकके मुळातच निराळी असतात. आवक क्विंटलमध्ये, भाव रुपयांत. अशा वेळी रेषेवर उजवे बटण दाबून ‘फॉर्मॅट डेटा सिरीज’मध्ये ‘सेकंडरी अॅक्सिस’ निवडले की त्या मालेसाठी उजव्या हातास दुसरा उभा अक्ष उभा राहतो. आवक स्तंभांनी व भाव रेषेने दाखविला, म्हणजे ‘कॉम्बो’ हा प्रकार घेतला, की कोणती माला कोणत्या अक्षाची याबद्दल घोटाळा होत नाही. संत्र्याची आवक वाढली की भाव किती दिवसांनी उतरतो, हे अशा आलेखावर सुरेख दिसते.

परंतु या सोयीत सर्वांत मोठा धोका दडलेला आहे. कापसाचा हमीभाव डाव्या अक्षावर ५,००० ते ८,००० असा आणि मक्याचा उजव्या अक्षावर १,८०० ते २,४०० असा घेऊन पाहावा. मक्याची रेषा कापसाच्या खालून निघते, २०२४-२५ च्या सुमारास तिला गाठते आणि शेवटी तिच्या वर जाऊन बसते. चारही पिकांत प्रमाणाने सर्वांत कमी वाढलेला मका येथे कापसाहूनही वेगाने चढलेला दिसतो. उजवा अक्ष शून्य ते ५,००० केला की तोच मका पुन्हा मंद होतो. दोन अक्षांच्या आलेखात दोन रेषा एकमेकींस कोठे छेदतात यास काडीचाही अर्थ नसतो, कारण तो छेद आलेख काढणाऱ्याने निवडलेल्या मापांचा असतो.

त्याचप्रमाणे, दोन रेषा बरोबर चढल्या म्हणून एकीमुळे दुसरी चढली असे समजू नये. महागाईच्या काळात पुष्कळच गोष्टी बरोबर चढतात. एकके एकच असतील तर दुसरा अक्ष घेऊच नये, निर्देशांक घ्यावा. एकके भिन्न असतील तर शक्यतो एकाखाली एक असे दोन लहान आलेख काढून त्यांचा काळाचा अक्ष जुळवून ठेवावा.

दोन रेषांमधील अंतर

व्यापारात पुष्कळदा दोन रेषांपेक्षा त्यांमधील अंतरालाच महत्त्व असते. खरेदी व विक्रीतील अंतर हा नफा. हमीभाव व मंडीभाव यांतील अंतर हा शेतकऱ्याचा तोटा. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा बाजारभाव अनेक मंड्यांत ४,८९२ या हमीभावाच्या खाली होता. मध्य प्रदेश शासनाने २०१७ साली प्रथम आणि २०२५ साली सोयाबीनसाठी पुन्हा जी भावांतर योजना आणली, ती या अंतरावरच आधारलेली आहे.

हे अंतर डोळ्याने मोजण्यात मनुष्य हमखास फसतो. दोन्ही रेषा तिरप्या चढत असता डोळा त्यांमधील आखूडात आखूड वाट मोजतो. खरे अंतर मात्र उभे मोजावयाचे असते. प्लेफेअरच्या आयात-निर्यातीच्या आलेखांतही हीच अडचण आहे, असे पुढील काळातील अभ्यासकांनी दाखविले आहे. आपल्या आकड्यांत तूर व कापूस यांच्या हमीभावातील फरक पाहावा : ४८५, ५७४, ५२०, ३८०, ४२९, २९०. रुपयांच्या आलेखात या दोन रेषा सावकाश एकमेकींजवळ येत आहेत एवढेच दिसते. २०२१-२२ मध्ये व पुन्हा २०२४-२५ मध्ये त्या एकमेकींपासून दूर गेल्या होत्या, हे नजरेतून निसटते. म्हणून अंतर महत्त्वाचे असेल तर वजाबाकीचा एक स्वतंत्र स्तंभ करावा व त्याचीच रेषा काढावी.

उधारीची रेषा

शेवटी, ज्या ठिकाणी या विद्येचा प्रत्येक दुकानदारास प्रत्यक्ष उपयोग आहे ते उदाहरण देऊन हा विषय आटोपता घेऊ. समजा, बियाणे-खताच्या एका दुकानाची वार्षिक विक्री चार वर्षांत लाख रुपयांच्या हिशेबाने ४०, ४३, ४६ व ५० अशी झाली, आणि वर्षाअखेर येणे असलेली उधारी ६, साडेसात, साडेनऊ व १२ अशी राहिली. दोन्ही माला एकाच रुपयांच्या आलेखावर घातल्या तर विक्रीची रेषा दिमाखाने वर जाते आणि उधारीची रेषा तळाशी बेताने चढते. घरातील सर्वांना समाधान वाटते. पेढी वाढते आहे, उधारी तर असायचीच, असे म्हणून आलेख मिटला जातो.

त्याच आकड्यांचा निर्देशांक काढावा. विक्री १०० वरून १२५ झाली. उधारी १०० वरून २०० झाली. विक्री पावपट वाढली, उधारी दुप्पट. चित्र पार पालटते. आणखी एक पाऊल पुढे जाऊन उधारीस विक्रीने भागून ३६५ ने गुणावे, म्हणजे सरासरी किती दिवसांची विक्री लोकांकडे अडकून आहे ते कळते. पहिल्या वर्षी हे उत्तर ५५ दिवस येते, चौथ्या वर्षी ८८ दिवस. याचा अर्थ असा की हे दुकान पूर्वीपेक्षा महिनाभर अधिक काळ दुसऱ्याच्या घरात पैसा ठेवून चालले आहे, आणि ती उणीव बहुधा बँकेच्या व्याजी कर्जाने भरून निघत आहे. पाऊस एक वर्ष दगा देईल, संत्र्याची फळगळ होईल, कापसावर बोंडअळी पडेल, त्या वर्षी वसुली थांबेल आणि या ८८ दिवसांचा भार एकदम अंगावर येईल. पेढ्या बहुधा विक्री कमी झाल्यामुळे बुडत नाहीत, येणे अडकल्यामुळे बुडतात, हे जुन्या मंडळींस ठाऊक होते. रुपयांचा एकटा आलेख ती सूचना देत नाही. निर्देशांकाचा आलेख ती दोन वर्षे आधी देतो. ज्या घरात भाऊ-भाऊ किंवा काका-पुतणे भागीदार आहेत, तेथे तर ही रेषा सर्वांनी एकत्र बसून पाहिली म्हणजे पुढील कितीतरी गैरसमज टळतील.

समारोप

सारांश असा. प्रथम प्रश्न ठरवावा. कोष्टक स्वच्छ ठेवावे, कालखंड व सीमा एकसारख्या घ्याव्यात. रुपयांची तुलना हवी तेथे रुपये, वाढीची तुलना हवी तेथे निर्देशांक घ्यावा व आधारवर्ष लिहून ठेवावे. दुसरा अक्ष निरुपाय असेल तेव्हाच वापरावा. अंतर महत्त्वाचे असेल तर अंतराचीच रेषा काढावी. आणि आलेख कितीही देखणा असला तरी त्याखालील मूळ आकडे पाहिल्यावाचून सौदा करू नये.

येत्या दिवाळीस वहीपूजन होण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या पेढीची गेल्या पाच वर्षांची विक्री, उधारी व शिल्लक माल या तीन मालांचा निर्देशांक काढून घरातील मंडळींसह एकदा पाहावा. अर्ध्या तासाचे काम आहे. तीन रेषा जवळजवळ चालल्या असतील तर निश्चिंतपणे नवी वही घालावी. उधारीची किंवा शिल्लक मालाची रेषा विक्रीस सोडून वर निघाली असेल, तर नव्या वहीत पहिली नोंद वसुलीच्या बेताची करावी.